मेणाची झडप

पावसला ‘इंजिन’ म्हटलं की लहानपणी डोळ्यांसमोर यायचा तो विहिरीवरचा डिझेल पंप. ‘इंजिन चालू झालं का रे?’ याचा अर्थ पोफळींना पाणी लागलं का. स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीला येणाऱ्या वाहनांमध्येही इंजिन असतं हे कळत होतं, पण ती वाहनं म्हणजे ‘गाड्या’. त्यामुळे २०१९च्या मे महिन्यात आमच्या शेजारच्या काकांनी, ज्यांचं आयुष्य पंप दुरुस्त करण्यात गेलं, बाबांच्या गाडीच्या बॉनेटवर वाकून ‘एअर धरलीय हिनं’ असं निदान केलं तेव्हा मी नुसतं ‘हो का’ म्हटलं आणि मनात हसलो. डिझेलच्या नळीत हवा शिरली की पंप बंद पडतो, मग नट सैल करून ती हवा काढावी लागते, हे तिथल्या पोराटोरांनाही माहीत असतं. पण ही गाडी पेट्रोलची. हिला कशी एअर धरेल?

गाडी २००१ची. बाबांनी निवृत्तीनंतर घेतलेली, पांढरी, पाच दारांची. आदल्या पावसाळ्यात बाबा गेले आणि गाडी पडवीशेजारच्या पत्र्याखाली तशीच राहिली. आईच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी महिन्यातून दोनदा रत्नागिरीला जावं लागे. वाडीतला एक मुलगा तिला घेऊन जायचा. गोळप, फणसोप करत भाट्यापर्यंत गाडी व्यवस्थित जायची. वेग असला की काही तक्रार नाही. पण थांबली, की इंजिनाचा आवाज आपोआप चढायचा, मग एकदम पडायचा, पुन्हा चढायचा. कोणीतरी पेडलवर पाय ठेवून खेळ करतंय असं वाटावं. भाट्याच्या पुलावर समोरून दोन ट्रक आले म्हणून थांबावं लागलं, तेव्हा ती चढता चढता पडली आणि बंदच झाली. मागे रांग लागली. त्या दिवसापासून आई गाडीत बसायला घाबरू लागली.

शहरातल्या एका गॅरेजमध्ये गाडी दोन दिवस ठेवली. त्यांनी स्कॅनर लावला, काही सापडलं नाही. प्लग बदलले, इंजेक्टर साफ केले, तरी फरक पडेना. मग ‘कॉम्प्युटर गेला असणार’ असं सांगून जो आकडा लिहून दिला, त्यात दुसरी जुनी गाडी आली असती. दादा फोनवर म्हणाला, ‘भंगारात दे, दोन वर्षांनी पुन्हा पासिंग करायचंच आहे.’ हिशेब बरोबर होता. आई काही बोलली नाही, फक्त बाबांची गाडीची वही आतून आणून टेबलावर ठेवली.

त्या वहीकडे येतो. त्याआधी, गाडी उभी असताना इंजिन नेमकं काय करत असतं, याचा इतिहास थोडा सांगायला हवा, कारण त्या मे महिन्यात मी तो वाचत बसलो होतो आणि त्यानंच मला गाडी भंगारात देऊ दिली नाही.

उभ्या गाडीतलं चालू इंजिन हे सगळ्यांत कमी काम करणारं इंजिन. पण त्याच्यासाठी तीच सर्वांत अवघड वेळ. चढावर भरपूर हवा आणि भरपूर पेट्रोल येत असतं, त्यात थोडं इकडेतिकडे झालं तरी खपून जातं. उभ्या गाडीत पेडलवर पाय नसतो, हवेचा मुख्य दरवाजा म्हणजे थ्रॉटल मिटलेला असतो आणि एखाद्या बारीक फटीतून येणाऱ्या हवेवर सगळं चालतं. एका भाग पेट्रोलला वजनानं सुमारे १४.७ भाग हवा, हे प्रमाण तेवढ्याशा झुळुकीतही राखायचं. फट थोडी मोठी झाली की इंजिन पळू लागतं, लहान झाली की मरतं. डिझेलला ही भानगड नाही. तिथे हवेचा दरवाजा सदा उघडा आणि मोजून द्यायचं ते फक्त तेल. कोकणातल्या पंपवाल्यांच्या दोन-तीन पिढ्या या डिझेलवर वाढल्या. पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ साली सुरू झाली आणि पुढच्या काळात त्या इंजिनांचा आवाज गावोगावच्या विहिरींवर पोचला. उभ्या इंजिनाला हवा मोजून द्यावी लागते, ही पेट्रोलवाल्यांची चिंता.

ती चिंता मोटारगाडीइतकीच जुनी आहे. १८९३ साली माइबाखनं जर्मनीत फवाऱ्याचा कार्बोरेटर केला, हंगेरीत बांकी आणि चोंका या दोघांनी त्याच वर्षी आपल्या कार्बोरेटरचं पेटंट घेतलं. हे कार्बोरेटर एका ठरावीक वेगाला छान चालत. वेग बदलला की मिश्रण बिघडे. पानहार कंपनीत काम करणाऱ्या आर्थर क्रेब्स यानं १९०२ साली त्यावर उपाय काढला: इंजिनाच्या ओढीनुसार आपोआप कमी-जास्त उघडणारी हवेची झडप. हा क्रेब्स मूळचा लष्करी अधिकारी. १८८४ साली ‘ला फ्रान्स’ नावाचं हवाई जहाज उडवून निघाल्या जागी परत आणणाऱ्या दोघांपैकी एक. ज्या माणसानं वारा कुठून किती येतो याचा हिशेब आकाशात केला, त्यालाच तो पुढे बॉनेटखाली करावा लागला, हे मला फार आवडतं. त्यानंतर इंग्लंडमध्ये जॉर्ज स्किनर या माणसानं झडपेला चामड्याचा भाता लावला. घराण्याचा धंदा जोड्यांचा, त्यामुळे चामडं घरचंच. त्याच्या ‘एसयू’ कार्बोरेटरचे वंशज आपल्याकडे कित्येक अ‍ॅम्बॅसॅडरच्या बॉनेटखाली बसलेले होते.

पण आमच्या भागातल्या माणसांचा संबंध आला तो ‘फियाट’शी. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याला कारखाना उभा राहिला आणि तिथून निघालेली फियाट, नंतरची पद्मिनी, मुंबईची टॅक्सी झाली. टॅक्सी म्हणजे दिवसातला अर्धा वेळ उभी राहून गुरगुरणारी गाडी. आयडलिंग बिघडलं की पेट्रोल वाया, म्हणजे थेट खिशाला चाट. साहजिकच टॅक्सी दुरुस्त करणाऱ्या गॅरेजांमध्ये आयडलिंग बसवणं ही कसबाची परीक्षा होती. आमचे मेस्त्री, ज्यांच्याकडे मी शेवटी गेलो, ते त्याच शाळेतले. सोळाव्या वर्षी पावसहून ताडदेवला गेले, पंचवीस वर्षं टॅक्सींखाली झोपले आणि आई-वडील थकले म्हणून परत आले.

त्यांची पद्धत मी त्यांच्याकडूनच ऐकली. इंजिन आधी पूर्ण तापवायचं. मग मिश्रणाचा स्क्रू हळूहळू आत घ्यायचा, इंजिन अडखळेपर्यंत. मग बाहेर, पुन्हा अडखळेपर्यंत. या दोन अडखळण्यांच्या मध्ये एक जागा असते जिथे इंजिन सर्वांत मोकळं, सर्वांत जोरात फिरतं. ती सापडली की दुसऱ्या स्क्रूनं वेग खाली आणायचा. ‘ती जागा कानाला कळते, डोळ्याला नाय,’ ते म्हणाले. सकाळी थंड इंजिनाला जास्तीचं पेट्रोल लागे, त्यासाठी डॅशबोर्डाखाली चोकची कडी. ती ओढायची किती आणि सोडायची कधी, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. म्हणजे आयडलिंग हा गाडी, मेस्त्री आणि ड्रायव्हर यांच्यातला खासगी मामला होता.

तो सार्वजनिक झाला १९८९ साली. केंद्रीय मोटार वाहन नियमांमधल्या ११५व्या नियमानं सांगितलं की उभ्या, चालू गाडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड किती असावा: चारचाकीला जास्तीत जास्त ३ टक्के, दुचाकी-तिचाकीला ४.५ टक्के. आपण पीयूसी म्हणतो ती पावती हीच. चालत्या गाडीचा धूर पेट्रोल पंपाशेजारच्या टपरीत मोजता येत नाही, उभ्या गाडीचा येतो. त्यामुळे कायद्यानं नेमकी इंजिनाची सर्वांत नाजूक अवस्था पकडली. मेस्त्रींच्या भाषेत, ‘पयलं गाडी गिऱ्हाइकाला आवडली की झालं. मग ती नळीलाही आवडायला लागली.’

पुढचं फार झपाट्यानं घडलं. १९९५मध्ये चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. २९ एप्रिल १९९९ला सर्वोच्च न्यायालयानं राजधानी परिसरासाठी युरो मानकांच्या तारखा ठरवून दिल्या आणि वर्षभरात, १ एप्रिल २०००पासून, युरो एकच्या तोडीचं मानक देशभर लागू झालं. पुण्याच्या वेताळ टेकडीवर एआरएआयच्या प्रयोगशाळा आहेत. टेकडीवर फिरायला जाणाऱ्या कित्येकांना त्या नुसती एक खूण म्हणून माहीत असतात, पण या मानकांच्या चाचण्या जिथे होतात त्या जागांपैकी ती एक. नव्या आकड्यांमध्ये बसवताना कंपन्यांनी एकेका गाडीतला कार्बोरेटर काढून इंजेक्टर आणि कॉम्प्युटर बसवला. मेस्त्री परत आले ते नेमके या सुमारास. ते गमतीनं म्हणतात, ‘माझा स्क्रू सुप्रीम कोर्टानं काढला.’

आता चोकची कडी नाही, मग सकाळच्या थंड इंजिनाचं काय? पेट्रोल कॉम्प्युटर वाढवेल, पण वाढलेल्या पेट्रोलला हवाही वाढवून द्यायला हवी. हा प्रश्न युरोपात आधीच येऊन गेला होता. बॉशची इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन पद्धत १९६७ साली फोक्सवॅगनच्या गाडीत आली, तेव्हाही थंड इंजिनाला मिटलेल्या थ्रॉटलला वळसा घालून जादा हवा सोडणारी झडप तिच्यासोबत होतीच. आपल्याकडे पहिल्या पिढीच्या इंजेक्शनवाल्या अनेक छोट्या गाड्यांमध्ये ही झडप मेणाची होती. शब्दशः मेणाची. थ्रॉटलच्या पोटाशी एक छोटी डबी, तिच्यात पॅराफिन, डबीला लागून रेडिएटरच्या पाण्याची वाट. पाणी थंड असताना मेण घट्ट, झडप उघडी, हवा जास्त, इंजिन दीड हजार फेऱ्यांवर. पाणी तापलं की मेण वितळतं, वितळताना दहा-पंधरा टक्के फुगतं, दांडी पुढे सरकते, झडप मिटते आणि इंजिन साडेआठशेच्या आसपास येऊन शांत होतं. वायर नाही, सेन्सर नाही. रेडिएटरच्या थर्मोस्टॅटमध्ये हीच मेणाची युक्ती कितीतरी आधीपासून होती.

खरी मेख इथे आहे. गाडीत कॉम्प्युटर आला, पण ही एक झडप त्याला जोडलेली नव्हती. ती बिघडली हे त्याला कळायची सोय नाही, त्यामुळे डॅशबोर्डवर दिवा लागत नाही आणि स्कॅनर कोरा राहतो. गॅरेजवाला खोटं बोलत नव्हता. त्याच्या यंत्राला जे दिसत होतं ते ठीकच होतं.

मेस्त्रींनी यंत्र आणलंच नाही. गाडी चालू केली, पाच-सात मिनिटं नुसते उभे राहिले. इंजिन थंड असेपर्यंत आवाज एकसारखा. तापल्यावर तो चढ-उतार सुरू झाला. ‘तापल्यावरच करते, बघा. वेडी नाय ती, नियमानं करतेय.’ मग त्यांनी हवेचा मोठा पाइप काढला, थ्रॉटलच्या तोंडाशी खालच्या अंगाला करंगळीएवढं भोक होतं त्यावर बोट ठेवलं. इंजिन एकदम साडेआठशेवर आलं आणि तिथेच राहिलं. बोट काढलं, पुन्हा तोच थयथयाट. मला म्हणाले, ‘ठेवा तुम्ही.’ मी ठेवलं. बोट आत ओढलं जात होतं. तापलेल्या इंजिनात या भोकातून ओढ जाणवताच कामा नये, इतकी ती झडप मिटलेली हवी.

हा थयथयाट का होतो, तेही तेव्हा उलगडलं. झडप उघडी राहिल्यानं जादा हवा आत येते. ती आलेली कॉम्प्युटरला कळते, तो इमानेइतबारे तेवढं पेट्रोल वाढवतो, इंजिन पळतं. फेऱ्या दोन हजारांकडे जातात आणि पेडलवर तर पाय नाही. अशा वेळी कॉम्प्युटरची समजूत होते की गाडी घाट उतरतेय. उतारावर पेट्रोल तोडायचं, हे त्याला शिकवलेलं असतं. तो तोडतो. इंजिन पडू लागतं, मरायच्या आत तो पेट्रोल पुन्हा सोडतो, की पुन्हा पहिल्यापासून. आमच्या अंगणात उभी राहून ती गाडी मिनिटाला वीस वेळा आंबा घाट उतरत होती. एकाच गोष्टीवर दोन नियंत्रकांची ओढाताण झाली की यंत्र असं झोके घेतं. वाफेच्या इंजिनांवरही हे व्हायचं आणि मॅक्सवेलसारख्या माणसानं १८६८ साली त्या गव्हर्नरांवर गणिती निबंध लिहिला होता. मेस्त्रींना हे सांगितलं तर म्हणाले, ‘मग त्याला सांगायचं ना, बोट ठेव.’

पण झडप मिटत का नव्हती? मेस्त्रींनी लगेच नवी आणायला सांगितली नाही. एवढंच विचारलं, ‘पाणी किती पिते?’

मला काय माहीत? मग वही आठवली. बाबा इतिहास शिकवायचे, आणि त्यांना नोंदींची खोड होती. तारीख, किलोमीटर, पेट्रोल, हवा, खर्च. शेवटच्या वर्षाची पानं उलटली. जानेवारीत ‘पाणी अर्धा लि. (विहीर)’. मार्चमध्ये पुन्हा. एप्रिलमध्ये दोनदा, मेमध्ये दर आठवड्याला. आणि ६ जूनच्या समोर, त्यांच्या सरळ अक्षरात: ‘उभी असताना दम लागल्यासारखी करते. पावसाळ्यानंतर मेस्त्रींना दाखवणे.’ दम बाबांनाच लागायचा त्या दिवसांत. मी पान मेस्त्रींना दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून वाचलं, आणि बराच वेळ वही परत दिली नाही.

पाणी गळत होतं थ्रॉटलखालच्या एका बोटभर होज पाइपातून. तो पिचला होता, गरम इंजिनावर थेंब पडून वाळून जायचा म्हणून खाली डाग दिसत नव्हता. थ्रॉटल ही त्या पाण्याच्या वाटेवरची जवळजवळ सर्वांत उंच जागा. पाणी कमी झालं की हवेचा बुडबुडा तिथेच, मेणाच्या डबीपाशी येऊन बसायचा. खाली कॉम्प्युटरचा सेन्सर पाण्यात असल्यानं त्याच्या मते इंजिन तापलेलं, आणि वर मेणाच्या मते अजून पहाटच होती. मेणाची काही चूक नव्हती. त्याच्यापर्यंत ऊन पोचलंच नव्हतं.

शेजारचे काका कठड्यावर बसून सगळं ऐकत होते. ‘म्हणजे एअरच ना?’ त्यांनी विचारलं. एअरच होती. फक्त नळी दुसरी.

होज साठ रुपयांचा आला. झडप काढून मेस्त्रींनी ती गंजाळलेल्या गाळातून मोकळी केली, पेट्रोलनं धुतली, मग चहाच्या भांड्यातल्या गरम पाण्यात धरून मला दाखवली: दांडी गोगलगाईसारखी सावकाश पुढे सरकली. थंड पाण्यात धरली, मागे गेली. मेण जिवंत होतं. विहिरीचं पाणी सगळं काढून टाकलं, आत दोन-तीनदा साफ पाणी खेळवलं, मग कूलंट भरलं. नुसतं भरून भागत नाही, अडकलेली हवा काढावी लागते, आणि त्यासाठी गाडीचं तोंड वर हवं. पावसला चढाला काय तोटा? आमच्या घाटीवर गाडी तोंड वर करून उभी केली, मागच्या चाकांना चिरे लावले, रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून इंजिन चालू केलं. काकांना राहवेना, ते उठून आले आणि होज दाबून दाबून बुडबुडे काढायला लागले, आयुष्यभर पंपांची एअर काढली त्याच सवयीनं. वीस मिनिटांनी शेवटचा मोठा बुडबुडा ‘भुळ्ळ’ करून वर आला. इंजिनाचा आवाज घाटीच्या वरच्या घरापर्यंत जात होता तो हळूहळू खाली उतरला आणि मग इतका शांत झाला की पलीकडच्या बागेत पेट्या ठोकल्याचा आवाज ऐकू यायला लागला.

मेस्त्रींनी मजुरीचे तीनशे रुपये घेतले. ‘गुरुजींनी सगळं लिहून ठेवलं होतं, मी काय केलं?’

ही झडप आता नव्या गाड्यांत दिसत नाही. थ्रॉटलच मोटरवर चालू लागला, पेडल म्हणजे कॉम्प्युटरला पाठवलेली विनंती झाली आणि आयडलिंगची हवा तोच मोजून देऊ लागला. न मेण, न स्क्रू. कडी ओढणाऱ्या पिढीनंतर आणि हे असं सगळं वायरवर जाण्याआधी, मधल्या दहा-पंधरा वर्षांतल्या गाड्यांमध्येच ती सापडते, आणि त्या गाड्या आता पंधरा-वीस वर्षांच्या नियमांमध्ये एकेक करून निघून चालल्या आहेत. त्यांच्यासोबत भोकावर बोट ठेवणारे मेस्त्रीही. त्यांचा मुलगा मोबाइल दुरुस्त करतो, आणि चांगला करतो.

आई पुढच्याच आठवड्यात रत्नागिरीला गेली. भाट्याच्या पुलावर मुद्दाम थांबायला लावलं, असं त्या मुलानं नंतर सांगितलं. २०२१ला पासिंग झालं. त्या वेळची पीयूसीची पावती मी वहीत चिकटवली आहे, बाबांच्या ६ जूनच्या पानासमोर: मर्यादा ३ टक्के, प्रत्यक्ष ०.४.